नवा फिगर स्केटिंग बूट ‘चावलाच पाहिजे’? अजिबात नाही

सोलापुरात रोलर स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. बर्फावरच्या शिबिराला जायचं तर बूट दोन नंबर मोठा घ्या, आत दोन मोजे घाला, गरम पाण्यात भिजवून घरभर चालवा. फोड आले म्हणजे बूट बसला. ब्लेड कंपनीतून धार लावूनच येतं, त्याला हात लावू नका.

‘दोन नंबर मोठा.’ शाळेच्या बुटाला हे खपतं, इथे नाही. टाच आत उचलली गेली की घोटा ढळतो आणि ब्लेड आडवं पडतं. संध्याकाळी मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पावलांचं माप मिलिमीटरमध्ये घ्या, मोठं पाऊल धरा आणि त्या कंपनीच्याच तक्त्याशी ताडा. चपलेचा नंबर इथे कामाचा नाही. लेस न बांधता पाऊल पुढे सरकवल्यावर टाचेमागे पेन्सिल मावली तर ठीक, बोट मावलं तर बूट मोठा. वाढत्या मुलासाठी फार तर अर्धा नंबर सैल. मोजा एकच, तोही पातळ.

‘गरम पाण्यात भिजवा.’ चामडं फुगतं, गोंद सुटतो, स्क्रू गंजतात. काही बूट उष्णतेने पायाच्या आकारात बसवता येतात, पण ती कोरडी उष्णता असते. तापमान आणि वेळ कंपनीने दिलेली असते तीच पाळायची. दाब एकाच जागी असेल, समजा घोट्याच्या हाडावर, तर हाडाला ओलं कुंकू लावून बिनमोज्याचा पाय बुटात घाला. अस्तरावर ठसा उमटतो, तेवढाच भाग बुटाच्या जाणकाराकडून ठोकून बाहेर काढून घ्या.

‘घरभर चालवा.’ शहाबादी फरशीवर उघडं ब्लेड म्हणजे धारेचा सत्यानाश. शिवाय चालताना बूट भलत्याच जागी मोडतो. ब्लेडवर प्लास्टिकचं गार्ड (झाकण) चढवून मुलाला खुर्चीत बसवा आणि गुडघे पुढे आणून घोटा वाकवायला सांगा. लेस बोटांकडे सैल, घोट्याच्या वाकणाजवळ घट्ट. वरचे एक-दोन हुक सुरुवातीला मोकळेच ठेवा. बर्फावर पहिले काही दिवस वीस-तीस मिनिटं पुरेत.

फोडांबद्दल एवढंच: फोड म्हणजे आत पाय घसरतोय. बोटांना मुंग्या आल्या तर लेस लगेच सोडा. थोडा आवळलेपणा आणि दुखणं यांत फरक आहे, आणि मुलं तो नीट सांगतात, विचारलं तर.

आता ब्लेड, मेसेजमधला सर्वांत महाग सल्ला. नव्या ब्लेडची धार बहुतेक वेळा कामापुरती नसते. बर्फावर उतरण्याआधी लावून घ्यावीच लागते. ब्लेडच्या तळाला लांबीभर एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन धारा. पन्हळीच्या गोलाईची त्रिज्या साधारण अर्धा इंच. त्रिज्या कमी केली की पन्हळ खोल होते आणि पकड वाढते. त्यामुळे चाकू-कात्रीवाल्याकडे नेऊ नका, तो पन्हळच घालवेल. धार लावल्यावर दोन्ही धारांवर आडवी पट्टी ठेवून पाहा. ती ब्लेडशी काटकोनात नसेल तर एक धार उंच आहे. पुढचे दात, म्हणजे टो-पिक, घासू द्यायचे नाहीत.

बुटाच्या तळाला ब्लेड आधी लांबट भोकांतून थोड्याच स्क्रूंवर बसवा, म्हणजे ते सरकवता येतं. पाय सारखा आतल्या धारेवर कलत असेल तर आधी धार आणि लेस तपासा. त्या ठीक असतील तर ब्लेड किंचित आत सरकवा. बाहेर कलत असेल तर बाहेर. सरळ घसरता आलं की मगच उरलेले स्क्रू. तोवर रोज पेचकस फिरवून बघा, सैल होतात.

मेसेजमध्ये जे नाहीच ते म्हणजे वाळवणं. बर्फावरून आलं की सोलापुरी टॉवेलने ब्लेड आणि स्क्रू पुसा, जीभ उघडून बूट सावलीत ठेवा. दुपारच्या उन्हात गच्चीवर किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बुटाचं चामडं कडक होतं, गोंद ढिला पडतो. प्लास्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते. साठवताना कापडी कव्हर, नाहीतर आत अडकलेल्या पाण्याने धार गंजते.