रेणुकेच्या नोंदीत गेमचा परशू कशाला?

काल भाचीची वही बघितली आणि डोकंच फिरलं. शाळेत रेणुका-परशुरामावर प्रोजेक्ट दिलाय, पोरीनं मोबाईलवर ज्ञानकोशातली नोंद उघडून सगळं उतरवून काढलं, आणि काय उतरवलंय तर कुठल्या सिरियलमध्ये कुठल्या नटानं परशुराम केला, कुठल्या गेममध्ये त्याच्या परशूला किती पॉवर, तीन पानं भरून, खाली पट्टीनं रेघा मारून! मी विचारलं, आईला मारायला जमदग्नीनं आधी कुणाला सांगितलं होतं? तर म्हणते, मामा, ते तिथं नव्हतंच.

खरंच नव्हतं, मी उघडून बघितलं की. महाभारतात वनपर्वात परशुरामाच्या चारी भावांची नावं आहेत, रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू. बापानं आईला मार म्हटल्यावर चौघांच्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून शाप बसला, जडमूढ झाले. मग परशुरामानं मारलं आणि वर मागितला तो आई उठू दे, आणि तिला हे आठवू नये. एवढी काळीज कापणारी गोष्ट दोन ओळीत गुंडाळलीय आणि नटांची यादी बोटानं सरकवून सरकवून संपत नाही.

आणि सौंदत्ती? अर्धं वाक्य! अरे आमच्या बेळगावातून दोन तासांवर यल्लम्माचा, म्हणजे रेणुकेचाच, डोंगर आहे, मार्गशीर्षात रांडाव पुनवेला बांगड्या फुटतात, माघात अहेव पुनवेला देवी परत सवाष्ण होते, देवीला वाहिलेले जोगती चौडक्यावर, म्हणजे त्यांच्या तंतुवाद्यावर, हीच कथा गातात, कन्नडमध्ये पण आणि मराठीत पण. यातलं एक अक्षर नाही तिथं. आता कुणी म्हणेल चौडक्याची गाणी चालतात मग सिरियल का नको, तर चौडकं वाजतं ते देवीसाठी, परडी घेऊन, ते तिच्या पूजेचाच भाग आहे. सिरियलनं नुसतं नाव घेतलंय. सिरियलची वेगळी नोंद करा, तिथं घाला की पाहिजे तेवढे नट!

एकत्र कालवलं की काय होतं ते आपण बघतोयच. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदी १९८८ च्या टीव्हीवरच्या महाभारतात बोलली, भांडारकर संस्थेनं जुनी हस्तलिखितं ताडून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य नाही, पण सांगून बघा कुणाला, भांडायला उठतात.

काल रात्री अकरापर्यंत बसून सगळं परत लिहून घेतलं, आजी सांगत होती, पोरगी लिहीत होती. आज सकाळी ती नोंद पुन्हा उघडली तर नटांच्या यादीत अजून एक नाव वाढलंय.