अजिंठा-वेरूळ ‘एका दिवसात’ होत नाही

सुट्ट्या जवळ आल्या की एक बेत सगळीकडे फिरू लागतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी म्हणून येतो, इन्स्टाग्रामवर रील म्हणून. मजकूर थोड्याफार फरकाने असा: “पहाटे सहाला संभाजीनगरहून निघा. आधी अजिंठा, मग वेरूळ, वाटेत दौलताबाद, रात्री बीबी का मकबरा. एका दिवसात सगळं होतं. वेरूळला फक्त कैलास बघा, बाकी लेणी सारखीच. अजिंठ्यात अंधार असतो, चित्रं फोटोतच जास्त छान दिसतात. गाईडवर पैसे घालवू नका.”

असा बेत करून आलेली माणसं दमून परततात आणि म्हणतात, “काही विशेष नाही, दगडच आहेत.” हे ऐकून मला खरोखर वाईट वाटतं. फसलेला असतो बेत, आणि बोल लागतो लेण्यांना. म्हणून यातलं एकेक वाक्य घेऊ.

“एका दिवसात सगळं होतं.” आधी नकाशा बघा. वेरूळ संभाजीनगरच्या वायव्येला साधारण 30 किलोमीटरवर आहे आणि अजिंठा ईशान्येला 100 किलोमीटरच्या आसपास. दोन्हींचे रस्ते शहरातून वेगवेगळ्या दिशांना फुटतात. सहाला निघालात तर सिल्लोडमार्गे फर्दापूर फाट्यावर पोचायला साडेआठ वाजतात. तिथे स्वतःची गाडी ठेवावी लागते. पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं, मग पायऱ्या. लेणी नऊला उघडतात, म्हणजे पहिल्या लेण्यात शिरेपर्यंत साडेनऊ होतात. वेरूळ गाठायचं असेल तर साडेबारालाच पाय काढता घ्यावा लागतो. बसची रांग, जेवण आणि रस्ता धरला की वेरूळला पोचेपर्यंत साडेतीन-चार. हिवाळ्यात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि वेरूळ सूर्यास्ताला बंद होतं. हातात उरले जेमतेम दोन तास, आणि दौलताबाद अजून बाकीच आहे.

शिवाय अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढणारे कितीतरी लोक फर्दापूरपर्यंत जाऊन परत फिरतात. त्या यादीत हे एक वाक्य जरी असतं, तरी लोकांचा दिवस वाचला असता.

“वेरूळला फक्त कैलास, बाकी सारखीच.” सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. वेरूळला 34 लेणी आहेत: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकापर्यंत ही कामं चालली. दहाव्या लेण्यात, ज्याला स्थानिक लोक सुतार लेणं म्हणतात, छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्या आहेत. दगडाच्या छताला वाशांची काहीच गरज नसते. जुन्या लाकडी चैत्यगृहांची (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहांची) आठवण कारागिरांच्या हातात होती, तीच तिथे उतरली. बाराव्याचं, तीन तालचं, बाहेरचं रूप अगदी साधं आहे, आणि वरच्या मजल्यावर गेलं की ओळीने बसलेले बुद्ध समोर येतात. पंधराव्यात, दशावतार लेण्यात, राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. कैलास ज्याच्या नावावर सांगितलं जातं तो पहिला कृष्ण त्याचा काका, त्याच्यानंतर गादीवर आलेला. म्हणजे पंधरावं बघून सोळाव्यात, म्हणजे कैलासात, शिरलात तर एका घराण्याची महत्त्वाकांक्षा कशी वाढत गेली ते चालता चालता कळतं. 32 वं, इंद्रसभा, उत्तर टोकाला आहे. तिथे छतावर जुन्या रंगांचे तुकडे अजून टिकले आहेत.

आणि कैलास तरी नीट कुठे बघतात? ते वरून खाली कोरलेलं देऊळ आहे. आधी शिखर, शेवटी जोतं. डोंगरात खंदक खणून मधला खडक सुटा केला आणि तोच घडवला. बाजूच्या टेकडीवर चढून वरून खाली पाहिल्याशिवाय हे डोळ्यांना पटत नाही. दारातून आत, हत्तीपाशी फोटो, बाहेर, एवढ्या वेळात दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावणसुद्धा दिसत नाही.

“अजिंठ्यात अंधार असतो.” असतो, आणि असायलाच हवा. ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेली आहेत. मातीत भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले. उजेडाने आणि दमटपणाने ती झिजतात, म्हणून फ्लॅशला बंदी आहे. उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. तेवढ्यात लोक बाहेर पडतात. तिथेच उभं राहा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ धरलेला बोधिसत्त्व, आधी डाग वाटतो, मग हातातलं कमळ, मग खाली झुकलेली नजर. सतराव्यात जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, भिंतीभर पसरल्या आहेत; कथा ठाऊक असेल तर एकेक प्रसंग ओळखू येतो.

“चित्रं फोटोतच छान दिसतात.” मूळ चित्रं सोडून प्रतिकृतीवर भागवण्याला इतिहास आहे. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि बाहेरच्या जगाला या लेण्यांचा पत्ता लागला. पुढे रॉबर्ट गिल या लष्करी अधिकारी-चित्रकाराने वर्षानुवर्षं इथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत गेल्या. या कामाच्या काळात मूळ चित्रांवर फासलेलं व्हार्निश पिवळं पडलं आणि चित्रांचंच नुकसान झालं. भिंतीवर जे उरलंय ते एवढ्यातून उरलंय.

घाईतले लोक सतराव्यावरून मागे फिरतात. सव्विसावं राहतं. तिथे बुद्धाचं महापरिनिर्वाण, म्हणजे देहत्यागाचा प्रसंग, कोरलेला आहे: सुमारे सात मीटरची पहुडलेली मूर्ती, खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदाने जमलेले देव. माझ्या मते अजिंठ्याला जाऊन हे चुकवू नये.

“दौलताबाद वाटेतच आहे.” वाटेत आहे, पण किल्ला रस्त्यावरून बघायचा नसतो. खंदक, उभा तासलेला कडा, अंधारी नावाचा काळोखा भुयारी मार्ग, मग शेकडो पायऱ्या. दोन-अडीच तास हवेत, आणि सकाळ हवी. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना दिवसभर लेण्यांत चालवून संध्याकाळी इथे चढवू नका.

“गाईड नको.” परवानाधारक गाईड घ्या, ओळखपत्र बघून. चार-पाच जणांत खर्च वाटला जातो. एवढं पुरे.

मग करायचं काय? एकच दिवस असेल तर सकाळी दौलताबाद आणि दुपारनंतर वेरूळ. वेरूळची बरीचशी लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारचा उजेड आत येतो. अजिंठा पुढच्या खेपेला ठेवा. दोन दिवस असतील तर दोन्ही. आणि दोन्ही संभाजीनगरहूनच करायला हवीत असंही नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी जळगावला उतरावं. तिथून अजिंठा 60 किलोमीटरच्या आसपास आहे आणि तोच रस्ता पुढे संभाजीनगरला जातो. दिवसभर अजिंठा बघून संध्याकाळी संभाजीनगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी वेरूळ. धुळे-चाळीसगावकडून गाडीने येणाऱ्यांना कन्नडचा घाट चढून आल्यावर वेरूळ शहराच्या आधीच लागतं, त्यांनी ते पहिल्या दिवशी करावं. सुट्टी सोमवार-मंगळवारची असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, उलट नाही.