न्यूबेरी पदक न्यूबेरींनी सुरू केलेलं नाही

परभणीतल्या आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: 'अमेरिकन लेखक जॉन न्यूबेरी यांनी बालसाहित्यासाठी स्वतःच्या नावाचं पदक सुरू केलं.' हे चूक आहे.

न्यूबेरी (१७१३–१७६७) इंग्रज पुस्तकविक्रेते. लंडनच्या त्यांच्या दुकानात पुस्तकांबरोबर तापावरची पूडही मिळायची. मुलांसाठी ते छापत, लिहीतही. १७४४ सालच्या त्यांच्या चिमुकल्या पुस्तकासोबत दोन पेन्स जादा दिले की मुलाला चेंडू, मुलीला टाचण्या टोचायची उशी मिळे. पोरांना आधी आनंद हवा, हे ओळखणारा हा दुकानदार मला फार जवळचा वाटतो. म्हणूनच हे खटकलं.

पदक अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं, कल्पना फ्रेडरिक मेल्चर यांची. पहिलं दिलं गेलं १९२२ मध्ये, न्यूबेरी जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाल्यावर. शाळेच्या फळ्यावर तो मजकूर लिहिला असेल, तर कृपया आजच पुसा.