पोळे काढायचे सोडून बाकी सर्व काही

गांधीलमाश्यांचे पोळे एका रात्रीत तयार होत नाही, आणि माझ्या संतापाचे मूळ नेमके तेथेच आहे. आरंभी बहुधा एकटी राणी येते, वाळलेल्या लाकडाचे तंतू कुरतडून ते लाळेत मळते आणि त्या कागदी लगद्यातून छज्ज्याच्या खालच्या बाजूला, एका बारीक देठावर, मोजक्या खणांचे घर टांगते. त्या अवस्थेत हे प्रकरण लांब काठीच्या एका फटक्यात मिटले असते. परंतु छज्जा इमारतीच्या बाहेरच्या भागात येतो, तेव्हा रहिवाशांनी त्याला परस्पर हात लावू नये, असे व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी बजावले. आणि मग तुम्हीच काढा म्हटले, तर ‘एवढ्याशा पोळ्यासाठी माणूस बोलवायचा का?’ असे उत्तर मिळाले. आता ते ताटाएवढे झाल्यावर तीच मंडळी ‘फार मोठे झाले आहे, विचार करून पाऊल उचलावे लागेल’ असे गंभीर चेहऱ्याने सांगत आहेत. लहान होते तेव्हा क्षुल्लक आणि मोठे झाले तेव्हा धोक्याचे. मग ते काढण्याजोगे होते तो सुमुहूर्त कोणता होता, हे एकदा मला कळू द्यावे.

त्याहून अधिक चीड येते ती ‘त्यांना छेडू नका, त्या काही करत नाहीत’ असे शांतपणे सांगणाऱ्यांची. या माश्या पिकांवरच्या अळ्या मारून आपल्या पिल्लांना भरवतात आणि निसर्गात त्यांचे काम मोलाचे आहे, हे मला ठाऊक आहे व मान्यही आहे. दूर झाडावर त्यांनी खुशाल राहावे. पण झोपण्याच्या खोलीच्या खिडकीवर हातभर अंतरात पोळे असताना न छेडता राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? खिडकी सरकवली की चौकटीला बसणारा हादरा पोळ्यापर्यंत पोहोचतो आणि पहारेकरी माश्या पंख उभारून तयार होतात. दोरीवर वाळत घातलेला प्रत्येक कपडा झटकल्याशिवाय अंगात घालता येत नाही. ऐन उकाड्यात खिडक्या लावून घामाघूम बसायचे, आणि तरीही आगळीक आमचीच!

एका पाहुण्यांनी तर वर पाहून ‘मध निघेल का?’ असे विचारले. या माश्या मधाचा साठा करत नाहीत, आणि मधमाशीचा काटेरी डंख जसा कातडीत अडकून तुटतो तसा यांचा तुटत नाही. एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. ज्याला त्या विषाची ॲलर्जी आहे त्याचा एका दंशानेही घसा सुजून श्वास कोंडू शकतो आणि त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. हे ऐकल्यावर त्याच पाहुण्यांनी रॉकेलचा पलिता लावण्याचा उपाय सुचवला. कागदाचे पोळे, वर लाकडी चौकट, बाजूला पडदे आणि खाली पेटता पलिता! माश्या जातील की नाही ते सांगता येत नाही, घर मात्र निश्चित जाईल.

अखेर कीटकनाशक फवारणारा माणूस आला तो भर दुपारी, कारण कार्यालयाची वेळ तीच. अंधार पडल्यावर बहुतेक माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात व सहसा उडत नाहीत, म्हणून हे काम तेव्हाच करतात, हे ज्याचा हा धंदा आहे त्याला मी सांगावे काय? त्याने फवारा मारला, बसलेल्या माश्या खाली पडल्या आणि तो पावती देऊन निघून गेला. पोळे तसेच लोंबकळत ठेवले, ज्याच्या झाकणबंद खणांतील कोष फवाऱ्यातून वाचून पुढे बाहेर पडू शकतात. संध्याकाळी बाहेरच्या माश्या परतल्या आणि पिसाळल्यासारख्या खिडकीभोवती घोंघावू लागल्या. तक्रार केली तेव्हा कळले, की वार्षिक करारात झुरळे आहेत, मुंग्या आहेत, वाळवी आहे, गांधीलमाश्या नाहीत. आणि पोळे उतरवायचे असल्यास शिडीसह वेगळा अर्ज करावा लागेल, ज्यावर व्यवस्थापनाची सही हवी.