नैतिक श्रीमंत व्हा, नळ जायच्या आत

मंगळवारी पहाटे आमच्या नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी. आलं म्हणजे खाकरलं, दीड बादली भरली आणि नळाने मान टाकली, कारण शेजारच्या काकांची मोटर थेट लाईनला लागली होती. मी बादली धरून उभा, तेवढ्यात कॉलनीच्या ग्रुपवर काकांचाच सुविचार येऊन पडला : 'पाश्चात्त्य देश पैशाने श्रीमंत, पण मनाने भिकारी. आपण खिशाने गरीब असू, संस्कारांनी मात्र कुबेर!' खाली हात जोडलेले आठजण. भिंतीपलीकडे मोटरची घरघर चालूच.

तेव्हा लख्ख कळलं, सोलापुरात राहून श्रीमंत व्हायचं तर हाच एक रस्ता उरलाय. गिरण्या गेल्या, चादरीचं काय चाललंय ते तुम्ही बघताच. नैतिक श्रीमंतीला भांडवल लागत नाही. जागतिक बँकेने २०२५ साली अतिगरिबीची रेषा दिवसाला ३ डॉलरवर नेली. नैतिक गरिबीची रेषा अजून कुणी आखलेली नाही, त्यामुळे ती आपल्या फाटकाबाहेर सुरू होते असं धरून चालायचं. बाकीची कृती सांगतो.

सुरुवात म्हाताऱ्यांपासून करा. ब्रिटनने २०१८ साली एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. हे पाठ करून ठेवा आणि 'बघा, काय वेळ आली!' असं म्हणून मान हलवा. आपल्या गल्लीतली पोरं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेली ती दिवाळीलाच उगवतात, संध्याकाळी किती घरांत एकच दिवा लागतो, ते मोजत बसू नका.

मोजण्यावरून आठवलं. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर सापडली. हा आकडा बिनधास्त पुढे पाठवा. आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची, त्यामुळे उलट आकडा तोंडावर फेकला जायची भीती कमी.

आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव मधूनमधून घ्यावं. ते १९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, जखमींची सेवा करत १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. आपण शेजारच्या गल्लीतही गेलेलो नसलो तरी गाव तेच ना.

आता अवघड भाग. पाकिटं.

काका मागच्या वर्षी डॅलसला लेकाकडे तीन महिने राहून आले. (हो, मनाने भिकारी असलेल्या त्याच देशात. लेकाचं ग्रीन कार्ड व्हावं म्हणून सिद्धेश्वराला नवसही आहे.) तिथे बागेतल्या बाकावर त्यांचा मोबाइल राहिला. एक अनोळखी बाई पत्ता शोधत घरी आणून देऊन गेली. काका हे खिदळत सांगतात, 'बावळट लोक ओ, ठेवून घेतला असता तर कोण विचारणार होतं?' असलं काही तुमच्या बाबतीत घडलं तर असंच हसण्यावारी न्या. कारण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाची आठवण कुणी काढली तर पंचाईत. ४० देशांत 'सापडलं' म्हणून १७ हजारांवर पाकिटं बँका, हॉटेलं, कचेऱ्यांच्या काउंटरवर नेऊन दिली आणि मालकाला निरोप येतो का ते पाहिलं. स्वित्झर्लंड, नॉर्वे सगळ्यात वर. आपण बरेच खाली. आणि गंमत म्हणजे बहुतेक देशांत रिकाम्या पाकिटापेक्षा पैसे असलेलं पाकीट जास्त परत आलं.

अशा वेळी घाबरायचं नाही, स्विस बँका काढायच्या. आणि इथे काका खोटे नाहीत, हेही सांगतो. फिलिपिन्सला लुटून तिथल्या हुकूमशहा मार्कोसने स्विस बँकांत दडवलेला पैसा १९८६ साली गोठवला गेला आणि साठ कोटी डॉलरच्या वरची ती रक्कम त्या गरीब देशाच्या हाती पडायला २००४ उजाडलं. तुमचं पाकीट परत करायला काउंटरवरचा माणूस धावतो, अख्ख्या देशाचं पाकीट परत करायला त्याच गावातल्या बँकेला अठरा वर्षं लागतात. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असं संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरलं, बहुतेकांनी आजवर दिलेली नाही. २०२१ मध्ये लशी कुणी आधी भरून घेतल्या तेही पाहिलं आपण. लाईनला मोटर लावणंच ते! ज्याच्या मोटरीची ताकद जास्त त्याची टाकी भरणार, शेवटच्या घराने नळाखाली रिकामी घागर ठेवून बसायचं.

म्हणून तर डोकं फिरतं. काकांना डॅलस-लंडनची मोटर सात समुद्रांपलीकडून ऐकू येते, स्वतःच्या जिन्याखालची येत नाही.

आमच्याकडे आणि काकांकडेही धुणंभांडी करणाऱ्या मावशी दुपारी घरी विड्या वळतात. पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. हजार वळल्या की मजुरी, त्यातही 'वाईट' म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. परवा त्यांच्या वस्तीत पाणी आलं म्हणून त्या दोन दिवस येऊ शकल्या नाहीत. एक दिवस पाण्याच्या रांगेत, दुसरा तिथे झालेल्या भांडणात हात मुरगळला म्हणून. काकांनी दोन्ही दिवसांचा खाडा धरला. पैसे कापताना वर म्हणाले, 'शिस्त लागली पाहिजे. अमेरिकेत बघा, काम नाही तर पैसा नाही.'

तेवढ्यापुरती चालते होय ओ अमेरिका?

काका, हे तुम्ही वाचणार आहात, कारण ग्रुपवर पडलेलं तुम्ही सगळं वाचता. मी इतके दिवस गप्प बसलो, तेही चुकलंच. मी तर नव्या पेठेत जाऊन अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीची किंमतही विचारून आलो, आणि परतताना माझीच मला लाज वाटली. तुम्हाला कशी वाटत नाही? हात जोडणारे ते आठजण, तुमच्यातल्या पाचांच्या मोटरी मला माहीत आहेत. कुबेर म्हणवता आणि शेजाऱ्याची घागर पळवता? कोपऱ्यावरच्या आजी चौथ्या मजल्यावरून कळशी घेऊन खाली उतरतात, ते दिसत नाही?

पाणी आता शनिवारी येईल. त्याच्या आधी मोटर काढा. आणि मावशींचे दोन दिवसांचे पैसे आजच द्या.