पावशेर डाळ मागितली होती, दुकान नाही

रविवार, संध्याकाळचे साडेसात, मेस बंद, महिन्याची सव्वीस तारीख. एवढं म्हटलं तरी पुरे.

आठवडाभर मेसचं वरण पिऊन झालं होतं. (खाऊन नाही, पिऊन.) म्हणून ठरवलं, आज रूमवर आपलं आपण घट्ट वरण करायचं. हिंग, हळद, वरून लसणाची फोडणी, गरम भात. तांदूळ होता, लसूण होता, रूममेट जळगाववालीचं तूप होतं, तिला माहीत नाही ते वेगळं. फक्त डाळ नव्हती. गेले खाली, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात, आणि म्हटलं, "काका, तूरडाळ पावशेर."

काकांनी मान वर केली नाही. "पावशेर नाही मिळणार."

"संपली का?"

"आहे की. अर्ध्या किलोचं पाकीट आहे. ब्याऐंशी रुपये."

"सुट्टी नाही?"

"सुट्टं बंद केलं. पावशेर-पावशेर मोजत बसलो तर जेवायला कधी जाऊ?"

चला, हेही समजून घेतलं असतं. पण माझ्या शेजारी एक काकू उभ्या होत्या. त्यांना त्याच मिनिटाला, त्याच काट्यावर, पन्नास ग्रॅम चारोळी मोजून मिळाली. पन्नास ग्रॅम! एक दाणा जास्त पडला तो चिमटीने परत काढला, पुडी बांधली, वर "आणखी काय देऊ ताई?" म्हणजे काटा आहे, तो चालतो, मोजायला माणूसही आहे. तो कुणासाठी उचलायचा हे तेवढं ठरलेलं आहे.

म्हटलं, "काका, मी एकटी खाणार. अर्ध्या किलोचं काय करू?"

तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. चेहरा बघितला, चप्पल बघितली, आणि म्हणाले, "तुम्हा मुलींचं ठरलेलं असतं. दोन दिवस स्वयंपाकाची हौस, तिसऱ्या दिवशी मॅगी. मॅगीच न्या ना." आणि खरोखर मॅगीचा चाराचा पॅक काढून काउंटरवर ठेवला. माझ्यासमोर. वर चारोळीच्या काकू हसल्या. एवढ्यावर थांबतील तर ते पुण्यातले दुकानदार कसले? मी वळले तर पाठीमागून, "नाहीतर मोबाइलवर मागवा. दहा मिनिटांत येतं म्हणे. तुमच्या पिढीला दुकान लागतं कशाला?"

तिथे तोंडातून शब्द फुटला नाही. जिना चढताना मात्र एकेक उत्तर सुचत गेलं. तिसऱ्या मजल्यावर तर इतकं जबरदस्त सुचलं की परत खाली जावंसं वाटलं, पण तोवर दम लागला होता.

आता मला हे जास्त का झोंबलं ते सांगते. मी लातूरची. आमच्याकडे तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, ओसरीत लागतात आणि लहानपणी आम्ही त्यांच्यावर चढून लपाछपी खेळलोय. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव होता ७,५५० रुपये क्विंटल. पप्पांनी आडतीवर सात हजाराला घातली, कारण खरेदी केंद्रावर नंबर लागायची वाट बघायला वेळ नव्हता. वेळ का नव्हता, तर माझी फी भरायची होती. सत्तर रुपये किलो. मान्य, क्विंटलभर तुरीची क्विंटलभर डाळ होत नाही, सत्तर-पंचाहत्तर किलो निघते, बाकी चुनी आणि टरफलं. गिरणीवाल्याचं, हमालाचं, गाडीभाड्याचं, सगळ्यांचं सगळं मान्य. पण जिच्या पैशावर मी या शहरात शिकायला आले, तीच डाळ मागायला गेले तर समोरच्याला माझ्यात मॅगी दिसते? विकताना आमचं मोजमाप क्विंटलात, आणि विकत घेताना अर्ध्या किलोखाली उतरायचं नाही!

आणि सुट्टं बंद का, हेही काकांनी एकदा सांगावं. २०२२ च्या जुलैत पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर पाच टक्के जीएसटी बसला. सुट्ट्यावर नाही. म्हणजे जी डाळ करातून सुटलेली आहे तीच नेमकी दुकानातून गेली. आता पाकिटावर एक हसरी बाई, मागे बारीक अक्षरांत ग्रॅममागे किती पैसे पडतात ते छापलेलं. ते वाचायला भिंग लागतं, आणि वाचल्यावर कळतं की लहान पाकीट घेणारा मोठं घेणाऱ्यापेक्षा ग्रॅमला जास्त पैसे देतो. म्हणजे ज्याच्याकडे कमी पैसे त्यालाच माल महाग. हे कुणी शोधून काढलं त्याला एकदा आमच्या मेसच्या रांगेत उभं करा.

"मॉलमध्ये जा की, स्वस्त असतं," असं मावशी फोनवर सांगते. मावशी, गेले होते. जाऊन-येऊन बसचे वीस रुपये, बिलिंगला पाऊण तास, आणि सगळ्या स्कीम पाच माणसांच्या घरासाठी. साखर पाच किलो घेतली तर स्वस्त. फरशी पुसायचं तीन बाटल्या घ्या, चौथी फुकट. माझ्याकडे पुसायला सहा फरश्या आहेत, त्यातल्या चारांवर कॉट आहे. तेल लिटरात परवडतं, पण लिटरभर तेल चौघींच्या सामायिक ओट्यावर ठेवलं की आठवड्यात त्याचं काय होतं ते जळगाववालीला विचारा. (हो, तूप माहीत आहे. गप्प बसा.) शेवटी काउंटरवर "पिशवी हवी का? बारा रुपये." मी त्या दिवशी दोन किलो तांदूळ ओढणीत बांधून आणलाय.

आणि हो, बिस्किटं! २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी अठरावरून पाचवर आला. मॅगीवरचा बारावरून पाचवर. मी बातमी वाचून, मोबाइल हातात धरूनच गेले होते याच काकांकडे. "जुना माल आहे." पंधरा दिवसांनी गेले, "जुना माल आहे." ज्या दुकानात दूध सकाळी नऊला संपतं तिथे बिस्किटं मात्र पेशव्यांच्या काळातली.

त्यापेक्षा भाजीवाली मावशी बरी. दहा रुपयांचे टोमॅटो द्या म्हटलं तर तीन टोमॅटो मोजून देते, वर एक नरम झालेला टाकते, "आजच्या आज वापर" म्हणते. कोथिंबीर फुकट देत नाही आता, पण निदान माझी लायकी तरी काढत नाही.

आता ते व्हिडिओ. "हॉस्टेलवर राहता? फक्त पाच मिनिटांत, घरात असलेल्याच साहित्यात!" मग घरात काय असतं, तर मोझरेला, ऑलिव्ह ऑइल, ओरेगॅनो आणि अर्धा अव्होकॅडो. कुणाच्या घरात? मला भेटायचंय त्यांना. दुसरा व्हिडिओ, "ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या." अहो, आमच्याकडे गीझर आणि इंडक्शन एकदम लावलं तर सगळ्या मजल्याचे दिवे जातात, आणि घरमालकीणबाई टॉर्च घेऊन वर येतात. तिसरा व्हिडिओ, "प्रोटीनसाठी रोज चार अंडी." आमच्या करारनाम्यात लिहिलेलं आहे, अंडं चालणार नाही. तरी आम्ही केटलमध्ये उकडतो. पण खरी अक्कल उकडण्यात नाही, टरफलांत आहे. टरफलं वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, सॅक कॉलेजला, आणि तिथे लायब्ररीबाहेरच्या डब्यात. एकदा विसरले. तीन दिवसांनी प्रॅक्टिकलला सॅक उघडली. तेव्हापासून माझ्या बेंचवर कुणी बसत नाही.

सांगलीवाली म्हणते, एवढं चिडण्यापेक्षा भडंग खा. तिच्या घरून येतं ना डबाभर, तिचं बरं आहे.

तर इथे थोडं खरं बोलायची वेळ आलेली आहे.

डाळ माझ्याकडेही घरून आली होती. पाच किलो. दिवाळीला. आईने निवडून, कापडी पिशवीत भरून, वर दोरी बांधून दिली होती आणि दारात उभी राहून तीनदा सांगितलं होतं, "एरंडेलाचा हात लाव गं, नाहीतर कीड लागंल. अन् ऊन दाव मधूनमधून." मी तीनदा हो म्हटलं होतं. पिशवी कॉटखाली ढकलली आणि मग परीक्षा आली, मग परीक्षा गेली, मग अशीच थंडी होती म्हणून. मागच्या महिन्यात पिशवी ओढली तर ती जरा हलकी वाटली. उघडली तर आत माझ्याआधीच पंगत बसलेली. पोरकिडे, जाळं, पीठ, आणि प्रत्येक डाळीला एक सुबक भोक. पाच किलो डाळीतून मी एकूण दोनदा वरण केलं होतं. दोनदा. म्हणजे दोन दिवस हौस, आणि मग…

होय. म्हातारा बरोबर बोलला. म्हणूनच तर राग येतोय. चुकीचं बोलला असता तर हसून सोडून दिलं असतं. आणि त्याला कळलं कसं, तर मीच दर आठवड्याला त्याच्याकडून चाराचा पॅक नेते, कधीकधी उधारीवर, आणि त्याने ते एकदाही तोंडावर काढलेलं नाही. आजपर्यंत.

पण माणसाने अपमान झाल्यावर शहाण्यासारखं वागावं का? मी मोबाइल काढला. बघाच म्हटलं, आमची पिढी. पावशेर डाळ नव्हतीच तिथेही, अर्ध्या किलोचीच पाकिटं, त्यातलं सगळ्यात स्वस्त एकोणऐंशी रुपये. शेवटी घ्यायचं ते अर्धा किलोच घ्यायचं, पण काकांकडून नाही! मग खाली एकेक ओळ उगवायला लागली. डिलिव्हरीचे तीस. हाताळणीचे अकरा. कशाची हाताळणी, डाळ काय काचेची आहे? आणि सगळ्यात वर, टोपली लहान आहे म्हणून वीस रुपये. शब्दशः लहान टोपलीचा दंड! एकशे चाळीस रुपयांची अर्धा किलो डाळ. खाली हिरव्या अक्षरांत, "आणखी एकशे वीस रुपयांचं सामान घ्या, डिलिव्हरी फुकट." तर मी घेतलं. शेव घेतली, दही घेतलं, एक चॉकलेट घेतलं, आणि दोन रुपये कमी पडत होते म्हणून लिंबू. तीस रुपये वाचवायला एकशे एकवीस खर्च केले, आणि पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं. शास्त्र शाखेला आहे मी. सांख्यिकी विषय आहे.

भात लावला. लसूण सोलला. तूप थोडं घेतलं.

बावीस मिनिटांनी तो मुलगा आला, तीन मजले चढून, घामाघूम. माझ्याच वयाचा असेल. पिशवी घेतली. शेव होती, दही होतं, चॉकलेट होतं, लिंबू होतं. आणि मोबाइलवर मेसेज: "क्षमस्व, तूरडाळ उपलब्ध नसल्याने रक्कम परत करत आहोत. तीन ते पाच दिवसांत जमा होईल."

दहीभात खाल्ला, वर शेव घालून. मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत खाल्ला आणि वाईट म्हणजे चांगला लागला.

नऊ वाजता आईचा फोन. "काय जेवलीस?"

"वरण-भात."

"मंग डाळ संपत आली असंल की. पप्पांनी ह्या वर्सीची भरडून आणलीय. उद्याच्या ट्रॅव्हल्सवर पाच किलो ठिवतेत. पहाटं घ्यायला जा, झोपू नको."

"कशाला पाच किलो," म्हटलं, "पावशेर पाठव."

ती दोन मिनिटं हसत होती. तिला वाटलं मी गंमत करतेय.

तर आता एक मदत करा कुणीतरी. कर्वेनगरात एरंडेलाची लहान बाटली कुठे मिळते? अगदी लहान. काकांकडे मिळते ते मला माहीत आहे, त्यांचं दुकान सोडून सांगा.