पाळी येवो न येवो, आठव्या दिवशी नवी स्ट्रिप!

सकाळी एका बाईंचा मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. "मॅडम, अजून आली नाही. आली की नवी स्ट्रिप सुरू करते, चालेल ना?" सोबत फोटो. 21 गर्भनिरोधक गोळ्यांची स्ट्रिप, सगळे खळगे रिकामे, एकही गोळी चुकलेली नाही. आणि गोळी बंद करून आज दहावा दिवस.

नाही हो, नाही चालणार!

पाळी न येणं हा इथे प्रश्नच नव्हता. 21 च्या 21 गोळ्या वेळेवर घेतल्या, म्हणजे 7 दिवसांच्या सुट्टीतही संरक्षण चालूच होतं. आठव्या दिवशी नवी स्ट्रिप उघडायची, विषय संपला. पण त्या थांबल्या. दिवस गेले असतील या भीतीने वाट बघत बसल्या आणि नेमक्या त्या वाट बघण्यातूनच धोका तयार झाला.

का, ते नीट सांगते, कारण ते कोणीच सांगत नाही. गोळीवर असताना महिन्याला जे रक्त जातं ती खरी पाळी नसतेच. अंडं सुटलेलंच नसतं. गोळ्या थांबल्या की हार्मोन उतरतात आणि 2 ते 4 दिवसांत गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. काही महिने गोळी घेतल्यावर ते अस्तर इतकं पातळ होतं की गळायला फारसं काही उरत नाही. मग कधी नुसता तपकिरी डाग, कधी तोही नाही. गोळी 1960 मध्ये अमेरिकेत संततिनियमनासाठी मंजूर झाली, तेव्हापासून ही मधली सुट्टी चालत आली आहे, बायकांना नेहमीसारखी पाळी आल्यासारखं वाटावं म्हणून. शरीराला तिची गरज नाही. डॉक्टरांना विचारून लागोपाठ दोन-तीन स्ट्रिपही घेता येतात.

आता सुट्टीत आत काय चालतं? बीजकोश, म्हणजे अंडाशयातल्या अंडं वाढवणाऱ्या बारीक पिशव्या, हळूहळू जागे होतात, एखादा वाढायलाही लागतो. आठव्या दिवशी गोळी पोटात गेली की तो तिथेच थांबतो. नाही गेली तर नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत त्यातून अंडं सुटण्याची तयारी होऊ शकते, आणि परत सगळं शांत करायला सलग 7 गोळ्या लागतात. म्हणून स्ट्रिपच्या मधली एखादी गोळी राहिली तर फारसं बिघडत नाही, पण पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन राहिल्या तर सुट्टी लांबते आणि तिथेच घोळ होतो. 28 गोळ्यांचं पाकीट असेल तर वेगळ्या रंगाच्या शेवटच्या 7 गोळ्यांत हार्मोन नसतं, काहींत लोह असतं. त्या विसरलात तरी काही होत नाही. त्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट मात्र उघडायचंच.

बाईंना विचारलं, थांबायला कोणी सांगितलं? तर फोनमधलं ॲप! लाल अक्षरांत "पाळी 5 दिवस उशिरा". अरे, त्या ॲपला काय ठाऊक की या गोळीवर आहेत? ते आपलं अंडं सुटतंय असं धरून दिवस मोजतंय. गोळी न घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, मान्य. पण गोळीवर असाल तर तारीख बघू नका, स्ट्रिप बघा. खळगे खोटं बोलत नाहीत.

तरी स्ट्रिपवर एक गोष्ट दिसत नाही, तीही सांगायला हवी. गोळी घेऊन 3 तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी धरायची नाही, लगेच दुसरी घ्यायची. दिवसभर जोराचे जुलाब झाले तरी तो दिवस चुकलेलाच धरा. क्षयाचं रिफाम्पिसिन, फिटसाठीचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर गोळीचा जोर कमी होतो. साध्या अँटिबायोटिकने होत नाही, ती भीती सोडा.

आणि हो, गोळीवरही दिवस जातात. एकदाही न चुकवणाऱ्या 1000 जणींत वर्षाला 3, आणि माणसासारख्या चुकवत घेणाऱ्या 100 जणींत सुमारे 7. त्यामुळे घोळ झाला असेल तर टेस्ट कराच. पण रोज नको! शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर 21 दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर. पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब, तेवढ्याच मिनिटांनी वाचायचं. अर्ध्या तासाने दिसलेली पुसट रेघ सुकल्याची असते, तिच्यासाठी रात्र जागवू नका. गोळीतल्या हार्मोनमुळे टेस्ट चुकत नाही. आणि दिवस गेलेले असताना नकळत गोळ्या घेतल्या गेल्या तरी बाळाला त्यातून अपाय होतो असं दिसलेलं नाही, म्हणून घाबरून स्ट्रिप मधेच टाकून देऊ नका.

हे सगळं मिश्र, म्हणजे दोन हार्मोनच्या गोळीचं. गर्भनिरोधक इंजेक्शनवर वर्षभरात जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते, हार्मोनच्या तांबीवर बऱ्याच जणींची. तिथे न येणं हे अपेक्षितच. साध्या तांबीवर मात्र पाळी थांबायला नको. लांबली तर टेस्ट, आणि ती पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी दवाखाना, कारण गर्भ नळीत असू शकतो. ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, यातलं काही असेल तर कुठलंही साधन असो, थांबायचं नाही.

मला चीड त्या बाईंची नाहीच. चीड आहे ती "रोज एक घ्या" एवढं बोलून चिठ्ठी हातात देणाऱ्यांची. गर्दी असते, वेळ नसतो, माहीत आहे. तरी "पाळी नाही आली तरी आठव्या दिवशी सुरू करा" हे म्हणायला किती सेकंद लागतात? त्या बिचारीने दहा दिवस एकटीने काढले. नवऱ्याने काय विचारलं, तर "तूच विसरली असशील ना?" रिकामी स्ट्रिप समोर असताना!

असो. परवा संबंध आला होता म्हणाल्या, म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची तातडीची गोळी लगेच घ्यायला सांगितली, आणि आजच नव्या स्ट्रिपची पहिली. (युलिप्रिस्टल ही दुसरी तातडीची गोळी घेतली असती तर रोजची गोळी 5 दिवस थांबवावी लागली असती. दोन्हींत गल्लत करू नका.) सलग 7 गोळ्या होईपर्यंत निरोध. एक टेस्ट आज, दुसरी त्या परवाच्या संबंधापासून मोजून 21 दिवसांनी.

सगळं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मग पुन्हा मेसेज. "ते कळलं मॅडम, पण मग आता पाळी कधी येईल?"

या 21 गोळ्या संपल्यावर, बाई. किंवा तेव्हाही नाही. दोन्ही वेळा आठव्या दिवशी काय करायचं?